सामान कमी, सफर लांबची: देवनहळ्ळीहून सायकलवर निघताना

सायकलवरून लांबच्या प्रवासाला जायचं म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या फुगलेल्या पिशव्या, वर बांधलेला तंबू, स्टोव्ह, पातेलं आणि घामाघूम झालेला सायकलस्वार. हे चित्र बघूनच अनेक जण म्हणतात, ‘आपल्याला नाही बुवा जमणार!’

पण आता सायकलस्वारांमध्ये एक वेगळी पद्धत रुजते आहे. कॅरिअर काढून टाकायचा, सगळं सामान चार किलोंच्या आसपास बसवायचं आणि डांबरी रस्ता संपून खडी लागली तरी थांबायचं नाही. याला ‘अल्ट्रालाइट टूरिंग’ म्हणतात. तुम्ही बंगळुरूत राहत असाल किंवा तिथे नातेवाइकांकडे जाणार असाल, तर या प्रवासाची सुरुवात करायला देवनहळ्ळीसारखं ठिकाण नाही.

देवनहळ्ळीच का?

देवनहळ्ळी म्हणजे टिपू सुलतानचं जन्मगाव. गावात जुना किल्ला आहे आणि 2008 पासून शेजारी बंगळुरूचा आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. गावाजवळून राष्ट्रीय महामार्ग 44 जातो. श्रीनगरहून निघून कन्याकुमारीला पोहोचणारा हा तोच रस्ता, जो आपल्या नागपूर आणि हिंगणघाटवरूनही जातो.

मात्र तुम्हाला या महामार्गावर सायकल चालवायची नाही. विमानतळामुळे तिथली वाहनं सुसाट असतात. खरी मजा आहे ती आतल्या रस्त्यांवर. दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मांडव, मधूनच पपनसाची झाडं (देवनहळ्ळीच्या पपनसाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे), तळ्यांचे बांध आणि गावागावांना जोडणारे मुरमाचे रस्ते. थोडा वेळ डांबर, थोडा वेळ खडी. कमी सामानाचा फायदा इथेच कळतो.

वजनाचं साधं गणित

सपाट रस्त्यावर दहा किलो जास्तीचे फारसे जाणवत नाहीत. चढावर मात्र हिशेब बदलतो. समजा, तुमचं वजन 65 किलो, सायकल 13 किलो आणि सामान 15 किलो. एकूण झाले 93 किलो. सामान 5 किलोंवर आणलंत तर एकूण 83. चढावरचा वेळ साधारण एकूण वजनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे एक तासाचा चढ तेवढ्याच ताकदीत सुमारे 54 मिनिटांत संपेल.

खडीच्या रस्त्यावर फरक आणखी मोठा आहे. सततच्या हादऱ्यांनी कॅरिअरचे स्क्रू ढिले होतात आणि मागचा भार सायकलला डुलवतो. म्हणून सामान तीन ठिकाणी वाटायचं: फ्रेमच्या त्रिकोणात, सीटच्या मागे आणि हँडलपुढे. जड वस्तू नेहमी फ्रेमच्या बॅगेत, खालच्या बाजूला. आणि लॉजच्या दुसऱ्या मजल्यावर सायकल उचलून न्यायची वेळ आली की प्रत्येक किलोची किंमत समजते!

तंबू घरीच राहू द्या

परदेशातल्या अनेक मार्गांवर दिवसभरात गाव लागत नाही. तिथे तंबू आणि स्टोव्ह लागतोच. आपल्याकडे तसं नाही. दक्षिण कर्नाटकात थोड्या थोड्या अंतरावर गाव येतं, तिथे गरम इडली आणि फिल्टर कॉफी मिळते आणि तालुक्याच्या गावात लॉज असतो. म्हणजे अंथरूण आणि स्वयंपाकघर हे सामानातले दोन सर्वांत जड भाग तुम्ही सरळ वगळू शकता.

बॅगेत काय हवं?

• कपडे: अंगावरचा एक जोड आणि लवकर वाळणारा दुसरा. रात्री धुवा, सकाळी घाला.
• हलकं जॅकेट, जे वारा आणि पाऊस दोन्ही अडवेल.
• दुरुस्तीचं सामान: दोन ट्यूब, पंक्चर किट, टायर लिव्हर, छोटा पंप, अ‍ॅलन कीचा संच.
• पुढचा आणि मागचा दिवा, पॉवर बँक, चार्जर.
• औषधं: ओआरएसची पाकिटं, बँडेज, अँटिसेप्टिक क्रीम, तुमच्या नेहमीच्या गोळ्या.
• साबणाचा तुकडा, टूथब्रश, पातळ पंचा. गरजेनुसार सॅनिटरी पॅड.
• ओळखपत्र आणि थोडी रोख रक्कम. खेड्यात नेटवर्क गेलं तर यूपीआय चालत नाही.

बॅगांसकट हे सगळं चार किलोंच्या आसपास बसतं. पाणी वेगळं, किमान दोन लिटर.

इथे काटकसर नको

हलकं जाणं आणि अपुरं जाणं यात फरक आहे. वजन कमी करण्याच्या नादात काही जण मागचा दिवा, जादा ट्यूब किंवा पाण्याची दुसरी बाटली घरी ठेवतात. वाचतात फक्त काहीशे ग्रॅम, पण त्यासाठी जीव पणाला लागतो. डिसेंबर-जानेवारीत देवनहळ्ळी परिसरात पहाटे दाट धुकं असतं. त्या धुक्यात मागून येणाऱ्या ट्रकचालकाला दिसतो तो तुमचा लाल दिवा आणि चमकणारं जॅकेट. हेल्मेटच्या बाबतीत तर चर्चाच नको.

सामान काढताना प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा: ही नसेल तर मला त्रास होईल, की धोका? त्रास होणार असेल तर ती वस्तू घरी ठेवा. धोका असेल तर ती बॅगेत हवीच.

पहिली सफर अशी आखा

पहिल्यांदा एकच रात्र बाहेर राहा. देवनहळ्ळीहून सकाळी लवकर निघून आतल्या रस्त्यांनी नंदी गाव गाठा. डोंगर चढायची घाई नको. पायथ्याचं भोगनंदीश्वर मंदिर आणि तिथली सुंदर पुष्करणी बघा. तिथून मुद्देनहळ्ळी जवळ आहे. हे सर विश्वेश्वरय्या यांचं जन्मगाव. पुण्यात शिकलेल्या या अभियंत्याने तयार केलेले स्वयंचलित दरवाजे खडकवासला धरणाला बसवले गेले होते. इथे त्यांचं स्मारक आणि समाधी आहे. मुक्काम चिक्कबळ्ळापूरला करा आणि दुसऱ्या दिवशी वेगळ्या रस्त्याने परत या.

हे जमलं की पुढच्या वेळी गौरीबिदनूरमार्गे हिंदूपूरपर्यंत जा, अंदाजे 80 किलोमीटर. वाटेत विदुराश्वत्थ लागतं. 1938 मध्ये तिथे ध्वज सत्याग्रहाच्या वेळी गोळीबार झाला होता. हिंदूपूर रेल्वेमार्गावर आहे, त्यामुळे पाय थकले तर परतीला गाडीचा पर्याय राहतो. सायकल लगेजमध्ये बुक करता येईल का, हे स्टेशनवर आधी विचारून घ्या.

यासाठी महागडी सायकल लागत नाही. गिअरची साधी सायकल आणि 35 ते 45 मिलिमीटर रुंदीचे टायर पुरतात. खडीवर हवा थोडी कमी ठेवा, हँडल घट्ट आवळू नका आणि वळणावर पुढचा ब्रेक जोरात दाबू नका.

आपल्याच माणसांची उदाहरणं

हे वेड नवं नाही. 1923 मध्ये मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवर जग फिरायला निघाले आणि त्यांतले तिघं 1928 मध्ये सुमारे 71 हजार किलोमीटर पूर्ण करून परतले. 2018 मध्ये पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने 159 दिवसांत 29 हजार किलोमीटर सायकल चालवली. सुरुवात केली तेव्हा ती 19 वर्षांची होती.

तुम्हाला वेळेच्या मर्यादेत स्वतःला आजमावायचं असेल तर ‘ब्रेव्हे’ आहेत. 200 किलोमीटरसाठी साडेतेरा तास, 600 साठी 40 तास. वाटेत नेमून दिलेल्या ठिकाणांखेरीज बाहेरची मदत चालत नाही. त्यामुळे काय न्यायचं आणि काय नाही, हे तिथे आपोआप शिकायला मिळतं.

घरच्यांना काय सांगाल?

खरी अडचण बहुतेक वेळा सायकलची नसते, घरच्यांच्या काळजीची असते. विशेषतः मुलगी एकटी निघणार असेल तर. ‘काही होत नाही’ म्हणून ही काळजी संपत नाही. त्यापेक्षा आई-बाबांसमोर बसून मार्ग दाखवा. मुक्कामाच्या लॉजचा नंबर द्या, लाइव्ह लोकेशन सुरू ठेवा आणि अंधार पडायच्या आत पोहोचण्याचा नियम पाळा. मदतीसाठी 112 आणि महामार्गावर 1033 हे नंबर त्यांच्याही फोनमध्ये ठेवा. पहिल्या सफरीला भाऊ, मैत्रीण किंवा बाबांनाच सोबत घ्या. चार किलोंची बॅग पन्नाशीतल्या माणसालाही जड नाही.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा इथला उत्तम हंगाम. तोपर्यंत एका रविवारी बॅग भरा, वजनकाट्यावर ठेवा आणि 20 किलोमीटर फिरून या. घरी आल्यावर जे वापरलंच नाही ते बाजूला काढा. दिवा, औषधं आणि पंक्चर किट मात्र तिथेच राहू द्या.