शेवटची वीस पावलं
देहाचे खेळ : लेखांक ९

मागच्या लेखांकात लांब मारणाऱ्यांची गोष्ट झाली. आज त्याच माणसांची फजिती पाहू. दोन फटक्यांत चारशे यार्ड कापून आलेला गोल्फर ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवताच्या, काठाशी उभा आहे. झेंडा वीस पावलांवर, मध्ये ना तळं ना वाळू. वेज नावाची काठी थोडी मागे न्यायची, पुढे आणायची, चेंडू टुणकन उठून ग्रीनवर पडेल आणि घरंगळत होलकडे जाईल. या फटक्याला चिप म्हणतात. त्याला ताकद लागत नाही, म्हणूनच पंच्याहत्तरीचे आजोबाही तो विशीतल्या पोराइतकाच छान मारू शकतात.

आणि मग एखाद्या दिवशी वेज चेंडूपासून वीतभर लांब असताना उजवं मनगट आपणहून झटका देतं. वेज चेंडूच्या मागेच मातीत रुतते आणि चेंडू दोन हात सरकून थांबतो. नाहीतर वेजची धार चेंडूच्या पोटावर बसते आणि तो सणसणत ग्रीन ओलांडून पलीकडच्या झुडपात जातो. एकदा झालं तर कुणी मनावर घेत नाही, पण हे रोज व्हायला लागतं. या झटक्याला गोल्फर यिप्स म्हणतात. हे नाव रूढ केलं टॉमी आर्मरने. १९२७ची यूएस ओपन आणि १९३१ची ब्रिटिश ओपन जिंकलेला हा माणूस पुढे स्वतःच त्याच्या तावडीत सापडला.

हे फक्त हौशी मंडळींचं दुखणं असतं तर त्यावर अख्खा लेखांक खर्ची घातला नसता. ३० जानेवारी २०१५ला ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलमध्ये टायगर वुड्सने ८२ फटक्यांची फेरी खेळली. व्यावसायिक झाल्यापासूनची तोवरची त्याची ती सर्वांत वाईट फेरी होती. चौदा मेजर स्पर्धा जिंकलेला माणूस ग्रीनच्या काठावरून चेंडू उचलू शकत नव्हता आणि प्रेक्षक अवघडून गप्प होते. आदल्या डिसेंबरातल्या स्पर्धेतही त्याच्या चिपा अशाच फसल्या होत्या. तो तेव्हा नव्या प्रशिक्षकाबरोबर स्विंग बदलत होता आणि जुन्या व नव्या सवयीच्या मध्ये अडकलोय, असं त्याचं म्हणणं होतं. पुढच्या आठवड्यात पाठीच्या त्रासाने तो स्पर्धा अर्धवट सोडून गेला. एप्रिलमध्ये मास्टर्सला परतला तेव्हा चिपा पुन्हा सरळ पडत होत्या. त्या स्पर्धेत तो संयुक्त सतरावा आला.

आपल्याकडे अशा वेळी ठरलेला सल्ला मिळतो: ‘घाबरू नकोस, मन खंबीर कर.’ माझ्या मते हा सल्ला निरुपयोगी आहे, कित्येकदा घातकही आहे. ज्याचा हात झटका देतो तो माणूस आधीच गरजेपेक्षा जास्त मन लावून खेळत असतो.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी यिप्स असलेल्या गोल्फरांच्या हातांवर इलेक्ट्रोड लावून पाहिलं. काहींच्या मनगटाला वाकवणारे आणि ताठ करणारे स्नायू चेंडूला स्पर्श होण्याच्या जरा आधी एकाच वेळी आवळले जात होते. एकाने ओढायचं तेव्हा दुसऱ्याने सोडायचं, हा नेहमीचा क्रमच मोडलेला. हा प्रकार डिस्टोनियाच्या, म्हणजे स्नायू नको तेव्हा आखडण्याच्या विकाराच्या, जातीचा. जन्मभर लिहिणाऱ्या कारकुनाची बोटं पेन धरताच आखडतात, पण तीच बोटं शर्टाची बटणं बिनबोभाट लावतात, तसलाच हा प्रकार आहे. बाकीच्या गोल्फरांत मात्र असं काही सापडलं नाही. त्यांचं दुखणं ताणाचं, म्हणजे नको तिथे लक्ष घालण्याचं. बहुतेक पीडितांत दोन्हींची थोडीथोडी सरमिसळ असते असंही संशोधक मानतात.

लक्ष घातल्याने काम कसं बिघडतं? सांताक्रूझ स्टेशनच्या पुलावरून सकाळी ८.४०ला उतरणाऱ्या कुणालाही सांगा की आता प्रत्येक पायरीवर टाच आधी टेकते की चवडा ते बघत उतर. दहाव्या पायरीला मागचा माणूस अंगावर येईल. चिपचंही तसंच होतं, आणि इतर फटक्यांपेक्षा जास्त होतं. ड्राइव्हचा लांब फटका मारताना क्लब खाली यायला सेकंदाचा जेमतेम पाव भाग लागतो, त्यात ढवळाढवळ करायला मनाला सवडच नसते. चिप सावकाश असते. त्या सावकाशीतच मन आत शिरतं.

क्रिकेटवाल्यांनी हे पाहिलं आहे. २००१च्या काउंटी स्पर्धेच्या लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यात लेस्टरशायरचा स्कॉट बॉसवेल वाइडवर वाइड टाकत राहिला, त्याचं एक षटक चौदा चेंडूंचं झालं आणि त्याची व्यावसायिक कारकीर्द जवळजवळ तिथेच आटोपली. इंग्लंडबरोबर वेस्ट इंडीजचा दौरा केलेला डावखुरा फिरकीपटू कीथ मेडलीकॉट हातातून चेंडू सुटेना म्हणून ऐन सव्विशीत थांबला. डावखुऱ्या फिरकीवर जीव टाकणाऱ्या मुंबईकराला हे वाचून कसंसंच होतं. आपल्या डोळ्यांसमोर बापू नाडकर्णी असतात. १९६४च्या जानेवारीत मद्रासला लागोपाठ २१ निर्धाव षटकं, आकडे ३२-२७-५-०. तोच हात, तीच पावलं, तोच टप्पा. अचूकपणाचं भांडवल इतकं असेल तर ते हरवण्याची धास्तीही तेवढीच मोठी असणार, पण बापूंना तिने कधी गाठल्याचं दिसत नाही.

शिकण्याची एक वेगळी रीत पाहायला आता चेंबूरला जाऊ. आमच्या सांताक्रूझला गोल्फचं मैदान नाही. इथल्या गोल्फरांना वाट चेंबूरची. २०१४मध्ये सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड खुला झाला आणि कुर्ल्याचे रूळ वरून ओलांडून थेट अमर महालला उतरता यायला लागलं. तिथून पुढे १९२७ साली स्थापन झालेला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब, अठरा होल्सचा. क्लबाच्या भिंतीच्या आत जे चालतं त्यापेक्षा मला बाहेरचं जास्त शिकवणारं वाटतं. क्लबात पिशव्या उचलणारे कॅडी जवळपासच्या वस्त्यांत राहतात आणि गल्लीत स्वतःचा गोल्फ खेळतात. बांधकामावरची लोखंडी सळई तापवून टोकाला वाकवली की क्लब तयार, मुठीला रबरी पाइपचा तुकडा. चेंडू प्लास्टिकचा, होल म्हणजे जमिनीतला खड्डा. एका बाजूला उघडं गटार, दुसऱ्या बाजूला वाळत घातलेले कपडे, मध्ये कुणाचा तरी दरवाजा उघडा. पूर्ण स्विंग घ्यायला जागाच नाही. हा सगळा खेळ चिपचाच! कधी चेंडू पत्र्यावरून उडवायचा, कधी भिंतीवर आपटून वळवायचा. या गल्ल्यांतून खेळून पुढे व्यावसायिक झालेले कॅडीही आहेत.

त्यांना यिप्स होत नाहीत असं मी म्हणणार नाही. पण ते ज्या रीतीने शिकले ती पाहण्याजोगी आहे. मनगटाचा कोन किती, वजन कुठल्या पायावर, हे त्यांना कुणी शब्दांत सांगितलेलं नसतं. १९९२ साली रिच मास्टर्स या मानसशास्त्रज्ञाने नवशिक्यांना दोन रीतींनी पटिंग, म्हणजे ग्रीनवर चेंडू होलकडे ढकलणं, शिकवलं. काहींना सूचना पाठ करायला लावल्या. काहींना पट करताना मोठ्याने वाटेल ती अक्षरं म्हणत राहायला सांगितलं, म्हणजे मनाला तंत्राचा विचार करायला फुरसतच नाही. मग पैशांचं आणि परीक्षकाचं दडपण आणलं. सूचना पाठ केलेल्यांची प्रगती तिथे अडखळली, अक्षरं बडबडणाऱ्यांची चालू राहिली. (अक्षरवाल्यांचे पट एकूणात कमीच पडले, हेही सांगितलं पाहिजे. नुसती बडबड करून कुणी शिकत नाही.) पुढे मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक यांनी सहकाऱ्यांबरोबर दाखवलं की अनुभवी गोल्फरांना घाईने पट मारायला लावलं तर त्यांचा नेम सुधारतो आणि नवशिक्यांचा बिघडतो.

यिप्स झालेल्याने पहिली एक परीक्षा घरीच करावी. गच्चीवर किंवा सोसायटीच्या पॅसेजमध्ये वेज घेऊन चेंडू न ठेवता दहा-वीस वेळा चिपची हालचाल करायची. बहुतेकांचा हात लोण्यासारखा चालतो. मग खरा चेंडू ठेवायचा. झटका आला तर कळलं की हात शाबूत आहे, त्याला बिथरवतोय तो समोरचा चेंडू. मग प्लास्टिकचा चेंडू ठेवून पाहायचं. काहींचा झटका इथेच ओसरतो, कारण या चेंडूशी जुनं वैर नाही. लक्ष्य म्हणून पाच पावलांवर एक टॉवेल अंथरायचा. चेंडू कुठे पडणार तेवढंच बघायचं, हाताकडे बघायचं नाही. ठरवल्यावर दोन सेकंदांच्या आत मारून मोकळं व्हायचं.

तंत्राचीही एक बाजू आहे, ती झटकून चालणार नाही. वेजचा तळवा किंचित फुगीर असतो. त्या फुगवट्याला बाउन्स म्हणतात आणि त्याचं काम असतं जमिनीवरून घसरणं. एक-दोन चिपा रुतल्या की माणूस धास्तीने हात खूप पुढे ढकलतो, दांडा झुकतो, बाउन्स वर उचलला जातो आणि पुढची धार फावड्यासारखी मातीत घुसते. जून ते सप्टेंबर भिजलेल्या मैदानावर तर हमखास. पुष्कळांच्या यिप्सची सुरुवात मनात झालेलीच नसते, ती अशी चिखलात होते. मन नंतर त्यात पडतं. म्हणून दांडा जवळपास उभा धरायचा, भार डाव्या पायावर ठेवायचा आणि तळव्याने नुसतं गवत पुसायचं.

एवढ्याने भागलं नाही तर जुन्या हालचालीचा नाद सोडून नवी घ्यावी. मेंदूने बिघडवून ठेवलेला रस्ता दुरुस्त करण्यापेक्षा बाजूने दुसरा काढणं स्वस्त पडतं. २००६ साली न्यू ऑर्लिन्सच्या स्पर्धेत ख्रिस काउचने शेवटच्या होलवर उलटी पकड घेऊन, म्हणजे उजवा हात वर आणि डावा खाली धरून, चिप थेट होलमध्ये घातली आणि तो एका फटक्याने जिंकला. ही पकड त्याने चिपच्या अडचणीपायीच उचलली होती. २०२२चा यूएस ओपन विजेता मॅट फिट्झपॅट्रिकही चिप उलट्या हातानेच मारतो, आणि त्याला कुणी हसत नाही. ग्रीनच्या अगदी काठावर असाल तर वेज पिशवीतच ठेवून पटरनेच ढकला. दिसायला हे गावंढळ दिसेल, पण स्कोअरकार्डावर फक्त आकडा लिहितात.

उरतो डिस्टोनियाचा प्रश्न. चेंडू नसतानाही हात आखडत असेल, किंवा लिहिताना, चमचा धरतानाही त्रास होत असेल, तर गोल्फच्या शिक्षकाकडे न जाता मेंदूविकारतज्ज्ञाकडे जावं. हाताची थरथर थांबावी म्हणून कुणाच्या सांगण्यावरून बीटा-ब्लॉकरच्या गोळ्या घेऊ नयेत. दमा असलेल्यांना त्या बाधू शकतात, आणि स्पर्धेच्या काळात त्या गोल्फमध्ये उत्तेजकविरोधी नियमांनी निषिद्ध आहेत.

पटरचे यिप्स हा वेगळा विषय आहे. बर्नहार्ड लँगरला त्यांनी कारकिर्दीत पुन्हापुन्हा गाठलं आणि त्या कटकटीतही त्याने १९८५ व १९९३ची मास्टर्स जिंकली. त्याने पटर धरण्याच्या किती तऱ्हा शोधल्या आणि नियम करणाऱ्यांनी त्यातली कुठली २०१६पासून बंद केली, ते पुढच्या आठवड्यात.