कार्बनचे चार हात

मिथेनच्या रेणूचे चित्र काढावयाचे झाले की मध्ये कार्बन आणि भोवती चार हायड्रोजन अशी चौरस फुली आपण सहज मांडतो. परंतु कागदाच्या सपाटपणाने लादलेली ही समजूत १८७४ साली व्हान्ट हॉफ या अवघ्या २२ वर्षांच्या डच तरुणाने, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे फ्रान्समध्ये ल बेल याने, बाजूस सारली. त्यातील एक युक्तिवाद मला आजही मोहून टाकतो. रेणू खरोखरच चौरस असता, तर दोन हायड्रोजनांच्या जागी आलेले दोन क्लोरीन कधी शेजारच्या, तर कधी समोरासमोरच्या कोपऱ्यांत बसून दोन भिन्न पदार्थ निपजावयास हवे होते; प्रत्यक्षात पदार्थ एकच मिळतो. त्या दोघांनी सुचविलेल्या चतुष्फलकात, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीत, मात्र प्रत्येक कोपरा उरलेल्या तिन्हींचा सारखाच शेजारी असतो.

भिजवलेला वाटाणा कार्बन मानून त्यात चार काड्या, म्हणजे त्याचे चार हात, परस्परांपासून शक्य तितक्या दूर खोचून पाहाव्या: तीन तिवईसारख्या टेकतात, चौथी ताठ उभी राहते, आणि कोणत्याही दोहोंमधील कोन सुमारे १०९.५ अंश भरतो.

लाइप्झिगच्या कोल्बे या मातब्बर रसायनशास्त्रज्ञाने १८७७ साली चतुष्फलकाचा हा विचार म्हणजे सारा कल्पनाविलास ठरवून व्हान्ट हॉफची जाहीर निर्भर्त्सना केली, हे मला अन्यायाचे वाटते. कारण चारही हातांवर भिन्न गट असले की डाव्याउजव्या तळव्यांसारखी दोन रूपे संभवतात, आणि आपले नाकही ती ओळखते: कार्व्होन या पदार्थाचे एक रूप पुदिन्याचा गंध देते, तर त्याचेच आरशातील प्रतिबिंब बाळंतशोपांचा.