सगळा प्रश्न पाण्याचा

लेखमाला : घरचं उटणं, घरचं तेल • लेखांक ५

गेल्या चार लेखांत आपण कच्च्या मालाची ओळख करून घेतली. काष्ठौषधी कशा पारखायच्या, तेलं कोणती घ्यायची, माती आणि डाळींची पिठं कशासाठी वापरायची, हे पाहिलं. आता हात घालायची वेळ आली, की प्रत्येकाच्या तोंडी पहिला प्रश्न एकच असतो : हे टिकेल किती दिवस? या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण घटकांच्या यादीत शोधतात. कडुनिंब घातलाय, हळद घातलीय, थोडा मधही आहे, म्हणजे खराब व्हायचं कारण नाही, असा हिशेब असतो. तो हिशेब चुकतो. वस्तू टिकणार की नाही हे ठरतं ते तिच्यात मोकळं पाणी किती आहे यावरून. या छंदात एवढी एक गोष्ट पक्की समजली, तर पुढचे निम्मे निर्णय आपोआप बरोबर येतात.

‘मोकळं’ हा शब्द इथे जपून वापरला आहे. जिवाणू आणि बुरशी यांना वाढायला पाणी लागतं, पण नुसतं असून भागत नाही. ते त्यांना वापरता आलं पाहिजे. शास्त्रात याचं मोजमाप शून्य ते एक या पट्टीवर करतात. शुद्ध पाणी म्हणजे एक. बहुतेक जिवाणूंना साधारण ०.९ च्या वरचं मोजमाप लागतं. बुरशी अधिक चिवट असते, बऱ्याच जातींना ०.८ च्या आसपासही चालतं आणि काही त्याहूनही खाली तग धरतात. ०.६ च्या खाली मात्र काहीच वाढत नाही. मधात १७-१८ टक्के पाणी असतं, पण साखरेने ते इतकं घट्ट धरून ठेवलेलं असतं की मोजमाप ०.६ च्या आसपासच राहतं, म्हणून मध वर्षानुवर्षं टिकतो. तोच मध चमचाभर घेऊन वाटीभर पाण्यात कालवला की ती ताकद संपली. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू नये, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. उटण्याच्या डब्याला आणि मलमाच्या डबीलाही नेमका तोच नियम लागू आहे.

या नियमाने घरी करायच्या वस्तूंचे चार गट पडतात : पाणी नसलेल्या, पाणी घालवलेल्या, पाणी आणि स्नेह एकत्र असलेल्या, आणि नुसत्या पाण्याच्या. एकेक पाहू.

कोरडं ते टिकाऊ

सुरुवात करणाऱ्याने उटण्यापासून करावी, असं मी आग्रहाने सांगते. प्रमाण सोपं आहे : मसूरडाळीचं पीठ २०० ग्रॅम, मुलतानी माती १००, नागरमोथा ५०, कचोरा ५०, वाळलेल्या गुलाबपाकळ्या ५०, संत्र्याची साल ५०, वाळा २५ आणि आंबेहळद २५ ग्रॅम. खरी मेहनत वाळवण्यात आहे. संत्र्याच्या सालीची पट्टी वाकवल्यावर ती कडकन मोडली पाहिजे. नुसती वाकली, तर आत ओल आहे. नागपुरी संत्र्याचा मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतो. तेव्हाच्या साली जमवून चैत्रवैशाखाच्या उन्हात वाळवल्या, की दिवाळीपर्यंतची बेगमी होते.

एक गोष्ट मात्र हमखास निसटते. मिक्सरमधून काढलेली पूड गरम असते. ती तशीच डब्यात भरून झाकण लावलं की आतल्या आत वाफ धरते, झाकणाला दव येतं, आणि दोन दिवस ऊन दाखवून मिळवलेला कोरडेपणा वाया जातो. पूड परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्यावी, वस्त्रगाळ करावी आणि मगच कोरड्या बरणीत भरावी. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात हवेतच इतकी ओल असते की उघडी राहिलेली माती आणि पीठ ती खेचून घेतात. तिथे एका मोठ्या बरणीऐवजी चार लहान बाटल्या कराव्यात आणि एका वेळी एकच उघडावी. दूध, दही, पाणी जे काही कालवायचं ते आंघोळीला जाताना, वाटीत, लागेल तेवढंच. उरलेलं कालवण टाकून द्यावं.

पाणी घालवलेलं : तेल

माका, जास्वंद, ब्राह्मी, कढीपत्ता या सगळ्या ओल्या वनस्पती. त्यांचा गुण तेलात उतरवायचा आणि पाणी बाहेर काढायचं, हीच तेल सिद्ध करण्याची सगळी कला आहे. आयुर्वेदातल्या ‘शार्ङ्गधर संहिते’त यासाठी प्रमाण दिलं आहे : वाटलेला कल्क एक भाग, तेल चार भाग आणि काढा किंवा रस सोळा भाग. म्हणजे पाव किलो खोबरेल असेल, तर एक किलो माक्याचा रस. एवढा रस आटवायचा म्हणजे मंद आचेवर वेळ द्यावाच लागतो.

आता जवळ उभं राहून पातेल्याकडे नीट बघा. सुरुवातीला मोठे बुडबुडे येतात, रटरट आवाज असतो आणि वाफ भरपूर. भांड्यात पाणी आहे तोवर तपमान शंभर अंशांच्या आसपासच अडकून राहतं, कारण सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. हळूहळू बुडबुडे बारीक होतात, आवाज चुरचुरीवर येतो. पाणी संपलं की ही लगाम सुटते आणि तेल झपाट्याने तापू लागतं. पाला करपतो तो याच मिनिटांत, म्हणून शेवटच्या टप्प्यात भांड्यापासून हलायचं नाही. पूर्वसूरींनी इथे तीन खुणा सांगून ठेवल्या आहेत. तेल तयार होत आलं की वर फेस येतो. तळाचा कल्क चमच्याने काढून, जरा निववून बोटांत वळला तर त्याची वात होते. आणि ती वात विस्तवावर धरली तर आवाज न करता जळते. तडतडली, तर पाणी शिल्लक आहे. पातेलं पुन्हा मंद आचेवर. कुठल्याही यंत्राशिवाय ओलाव्याची एवढी काटेकोर परीक्षा घरच्या स्वयंपाकघरात करता येते, याचं मला आजही कौतुक वाटतं.

तेल कोमट असताना कोरड्या सुती फडक्यातून गाळावं. रात्रभर काचेच्या भांड्यात स्थिर ठेवून सकाळी वरचं तेल निवळून घ्यावं. तळाशी थेंब किंवा गढूळ थर दिसला तर तो बाटलीत घेऊ नये.

इथे एक गल्लत दूर करायला हवी. तेल खवट होणं वेगळं आणि वस्तूला बुरशी किंवा जिवाणू लागणं वेगळं. खवटपणा येतो हवेतल्या ऑक्सिजनमुळे, आणि प्रकाश व उष्णता त्याला वेग देतात. त्यावर ई जीवनसत्त्व काही प्रमाणात उपयोगी पडतं. जिवाणूंवर मात्र त्याचा काही इलाज चालत नाही. म्हणून क्रीममध्ये ई जीवनसत्त्वाची गोळी फोडून घातली की ते टिकेल, हा समज सोडून द्यावा.

मलम : मुठेलाची गोष्ट

टाचांच्या भेगांवर कोकणात आणि गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या लागत आलेलं औषध म्हणजे कोकमाचं तेल. भिरंडेल म्हणा, मुठेल म्हणा. कोकमाच्या बिया वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळतात. गार झाल्यावर स्नेह वर येऊन थिजतो, तो गोळा करून मुठीत वळतात. हे तेल घरातल्या तपमानाला घट्ट असतं आणि ४० अंशांच्या आसपास वितळतं. पाण्यात उकळून काढलेलं असल्यामुळे घरगुती मुठेलाच्या गोळ्यात ओल अडकलेली असू शकते. मलम करण्याआधी ते मंद आचेवर वितळवून, चुरचुर पूर्ण थांबेपर्यंत तापवून गाळून घ्यावं.

मग एक भाग मधमाशीचं मेण, एक भाग मुठेल आणि तीन भाग खोबरेल. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, म्हणून आधी मेण, मग मुठेल, शेवटी खोबरेल. हे वितळवण्यासाठी आपण उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाडगं ठेवतो, आणि पाणी शिरतं ते इथूनच. वाडग्याच्या बुडाला लटकलेले थेंब ओतताना घरंगळून थेट डबीत पडतात. वाडगं उचललं की आधी कोरड्या फडक्याने बूड पुसायचं आणि मगच ओतायचं. डब्याही ऊन दाखवून कोरड्या केलेल्या असाव्यात. मलम पूर्ण गार होईपर्यंत झाकण लावू नये, पातळ कापड टाकून ठेवावं.

पाणी आणि स्नेह एकत्र

आता अवघड गट. क्रीम, लोशन म्हणजे तेल आणि पाणी यांची एकमेकांत बसवलेली घडी. आपल्या परंपरेतही अशी एक वस्तू आहे, शतधौत घृत. दाह आणि त्वचेच्या तक्रारींसाठी तिचा उल्लेख ‘चरकसंहिते’त येतो. साजूक तूप तांब्याच्या परातीत घ्यायचं, थोडं पाणी घालून तळहाताने गोल गोल घोळायचं, पाणी ओतून टाकायचं, पुन्हा नवं पाणी. असं शंभर वेळा. दहाबारा वेळा झालं की रवाळपणा जातो. पुढे पिवळेपणा आणि तुपाचा वास कमी होत जातो, आणि शेवटी हाताला लागतं ते पांढरंशुभ्र, फुगलेलं, थंडगार लेपन. तुपाने पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब आपल्यात धरून ठेवलेले असतात. करून झालं की ते लगेच काचेच्या बरणीत काढावं, कारण तांब्यात राहिलं तर कळकतं आणि हिरवट होतं.

यात पाणी आहे, हे विसरू नये. धुण्यासाठी उकळून गार केलेलं पाणी वापरावं, पन्नास ग्रॅम तुपाच्या पुढे जाऊ नये, बरणी फ्रीजमध्ये ठेवावी आणि कोरड्या चमच्यानेच काढावं.

पातळ लोशन महिनोन्‌महिने वापरायचं असेल, तर त्यात परिरक्षक घालावाच लागतो. फिनॉक्सीइथेनॉल हा सर्वांत जास्त वापरला जाणारा. युरोपीय नियमांत त्याची कमाल मर्यादा एक टक्का आहे. सोडियम बेंझोएट सरबतांच्या बाटल्यांमुळे आपल्या ओळखीचं असतं, पण ते आम्लधर्मी वस्तूतच नीट काम करतं; सामू पाचाच्या वर गेला की त्याचा जोर ओसरतो. घरच्या वस्तूत रसायन कशाला, असं वाटणं मी समजू शकते. पण बिघडलेलं लोशन नेहमी वास मारून सांगत नाही. ते दिसायला-हुंगायला ठीक असतानाच त्यात जिवाणू भरपूर वाढलेले असू शकतात. स्यूडोमोनाससारखे जिवाणू ओलाव्यात सहज वाढतात आणि डोळ्यांना किंवा फुटलेल्या त्वचेला गंभीर इजा करू शकतात. ज्याला परिरक्षक नको, त्याने लोशनच करू नये. तेल आणि मलमाने त्वचेचं काम उत्तम होतं. डोळ्यांत जाणारी कोणतीही वस्तू, काजळसुद्धा, या लेखमालेत नसेल, तेही याच कारणाने.

नुसतं पाणी

कोरफडीचा गर, गुलाबपाणी, काकडीचा रस, तांदळाचं पाणी हा सगळ्यांत नाजूक गट. कोरफडीचं पान कापलं की आधी पिवळा चीक निथळू द्यावा. तो कडू असतो आणि त्वचेला झोंबू शकतो. पान उभं ठेवून चीक गळू द्यावा, धुवावं आणि मग गर काढावा. गर ताजा वापरावा, फार तर दोनतीन दिवस फ्रीजमध्ये. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून एकेक तुकडा वापरणं सर्वांत सोयीचं. गर पातळ झाला, गुलाबी झाला की त्याचे दिवस संपले. फ्रीज वाढ मंदावतो, थांबवत नाही, हे लक्षात असू द्यावं.

देताना आणि घेताना

या छंदातला मोठा आनंद वाटण्यात आहे. दिवाळीला बहिणीकडे, शेजारी, परदेशातल्या मुलांच्या सामानात आपल्या हातचं उटणं जातं. दुसऱ्याच्या अंगाला लागणारी वस्तू देताना बाटलीवर तीन ओळी लिहिणं हे आपलं कर्तव्य आहे : कशाकशापासून केलं, कधी केलं, आणि ‘ओला हात घालू नये’. कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून २४ तास वाट पाहायला सांगावं. विकायचा विचार असेल, तर मात्र प्रश्न छंदापुरता राहत नाही. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू होतात आणि उत्पादनासाठी परवाना घ्यावा लागतो.

थोडं करावं, कोरडं ठेवावं, संपलं की पुन्हा करावं. मोठ्या कारखान्याला ताजं देणं परवडत नाही, म्हणून त्याला टिकवण्याची एवढी खटपट करावी लागते. आपल्याला ताजं करता येतं. घरी करण्याचा खरा फायदा तोच आहे, आणि पाण्याचं भान ठेवलं तरच तो पदरात पडतो.

पुढच्या लेखांकात साबण. तिथे पाणी आधी कॉस्टिक सोडा विरघळवण्याचं काम करतं आणि मग चार ते सहा आठवड्यांत वडीतून निघून जातं. साबण करायचा असेल, तर या आठवड्यात एक ग्रॅमपर्यंत अचूक मोजणारा काटा, रबरी हातमोजे आणि डोळ्यांसाठी संरक्षक चष्मा आणून ठेवा. या तिन्हींशिवाय सुरुवात करायची नाही.