जुनी राजदूत विकताना: आधी कागद, मग रंग

परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेडच्या जुन्या घरांत आणि शेतातल्या आखाड्यांवर अजूनही एखादी राजदूत किंवा येझदी पोत्याखाली उभी असते. मुलं पुण्याला नोकरीला लागतात, आई-वडिलांनाही तिकडे न्यायचं ठरतं, घर रिकामं करायची तारीख जवळ येते आणि मग या गाडीचं काय करायचं, हा प्रश्न पडतो. कुणी ती भंगारवाल्याला वजनावर देतो, तर कुणी चार दिवसांत झगझगीत रंग मारून ‘नवी’ करतो. दोन्ही बाजूंनी नुकसानच होतं. जुन्या गाडीचं मोल तिच्या मूळ अंगात आणि कागदांत असतं, चकाकीत नव्हे.

राजदूत १७५ ही एस्कॉर्ट्स कंपनीची गाडी. पोलंडच्या ‘एसएचएल’ मोटारसायकलवरून ती १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात बनू लागली. १७३ सीसीचं एकच सिलिंडर, टू-स्ट्रोक इंजिन आणि तीन गिअर. येझदी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. तो कारखाना १९९६मध्ये बंद पडला. काळ्या मातीच्या रस्त्यांवर दुधाचे कॅन, खताची पोती आणि मागे दोन माणसं घेऊन या गाड्या धावल्या. १९८५मध्ये हीरो होंडाची चार-स्ट्रोक सीडी १०० आली आणि कमी पेट्रोलमध्ये जास्त अंतर कापण्याचं गणित बदललं. तेव्हापासून जुन्या गाड्या एकेक करून कोपऱ्यात गेल्या.

इंजिनाला घाई करू नका

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीला थेट किक मारणं ही सर्वांत महागात पडणारी गोष्ट. पिस्टन सिलिंडरला चिकटलेला असतो. प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल सोडा, दोन-तीन दिवस मुरू द्या. मग गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानेच हळूहळू पुढे-मागे हलवा. पिस्टन मोकळा होताना हाताला कळतं. टाकीतलं जुनं पेट्रोल सुकून चिकट झालेलं असतं आणि तेच कार्बोरेटरचे जेट बुजवतं. म्हणून टाकी आणि कार्बोरेटर एकाच वेळी साफ करायला हवेत.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबर लवकर कडक होतं. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे ऑइल सील कडक झाले की आत बाहेरची हवा ओढली जाते, पेट्रोलचं प्रमाण घटतं, इंजिन तापतं आणि पिस्टन पुन्हा जाम होतो. ‘बोअर केलं तरी गाडी जाम होते’ या तक्रारीमागे अनेकदा सील असतात. ते बदलायला फार खर्च येत नाही, पण त्यासाठी इंजिन उघडावं लागतं. सायलेन्सरमधली काजळी काढणं, पॉइंट आणि कंडेन्सर बदलणं, ब्रेक आणि टायर नीट करणं, एवढं झालं की गाडी चालवून दाखवण्याजोगी होते.

इथेच थांबावं. मूळ रंग उडालेला असला तरी टाकीवरचं चिन्ह शाबूत असेल तर ते खरवडू नका. सहा व्होल्टचं वायरिंग काढून बारा व्होल्टचं करण्याचा मोह टाळा. जो भाग बदलावाच लागला, तो जुना भाग पिशवीत ठेवून घेणाऱ्याच्या हाती द्या.

एक गोष्ट मात्र रंगाऱ्याच्या आधी करा. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर रॉकेल व मऊ ब्रशने स्वच्छ करा, वर पातळ कागद धरून पेन्सिल घासा आणि उमटलेले आकडे आरसी बुकाशी ताडून पाहा. पॉलिश पेपर लावू नका. लांबी भरून रंग मारताना हेच आकडे बुजतात आणि नंतर पासिंगला गाडी अडते.

कागदांचा रस्ता

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे फॉर्म २५ भरून दर पाच वर्षांनी ती वाढवावी लागते, शिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. जुनं आरसी बुक असेल तर त्याची नोंद ‘वाहन’ या संगणक प्रणालीत आहे का, हे आधी एमएच २२च्या कार्यालयात विचारा. गाडी दिवंगत वडिलांच्या नावावर असेल तर फॉर्म ३१ने आधी वारसाच्या नावावर करावी लागते. विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३०, तर घेणारा तेलंगण किंवा कर्नाटकातला असेल तर फॉर्म २८चं ना हरकत प्रमाणपत्रही लागतं.

गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर २०२१च्या नियमांनुसार तिची ‘व्हिंटेज’ नोंदणी होऊ शकते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी चालत नाही, प्रदर्शन आणि रॅलीपुरतीच चालते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेले असतील तर ही वाट बंद होते. हौसेने ‘मॉडिफाय’ केलेली गाडी इथे मार खाते.

घर हलवण्याच्या गडबडीत लोक सह्या केलेले कोरे फॉर्म देऊन मोकळे होतात. हे करू नका. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात स्पष्ट केलं आहे की, नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच कायद्याने मालक. गाडी चार हातांतून गेली आणि अपघात झाला, तरी भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. गाडी परभणीत राहील आणि नोटीस पुण्याच्या पत्त्यावर येईल.

म्हणून घर सोडण्याच्या किमान दोन-तीन महिने आधी कामाला लागा. आधी कागद, मग इंजिन आणि उरलाच वेळ तर रंग. आणि नव्या मालकाचं नाव आरसीवर चढलेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय परभणी सोडू नका.