गांडुळे आहेत का तुमच्या बागेत?

जबलपूरच्या सदर भागात छावणीच्या जुन्या बंगल्यांभोवती पेरू, लिंबू, आंब्याची झाडे असतात. पावसाच्या सुरुवातीला त्यांच्याखाली ताग किंवा धैंचा पेरला, की दीड-दोन महिन्यांत हिरवळ दाट वाढते. फुलावर येताच ती कापून तिथेच पसरली म्हणजे खत झाले, असे आपल्याला वाटते. पण त्या पाल्याचे खत व्हायचे असते ते पुढे, आणि त्यात गांडुळांचा मोठा वाटा असतो.

गांडुळाला दात नसतात. आधी बुरशी आणि जिवाणू पाला मऊ करतात. मग गांडूळ तो बिळात ओढते आणि मातीसकट गिळून पोटात दळते. बाहेर पडणाऱ्या विष्ठेतला नत्र मुळांना चटकन मिळतो. बिळांतून हवा आणि पाणी खाली उतरते, ते वेगळेच. कोवळा पाला लवकर कुजतो, जून काड्या रेंगाळतात. म्हणून कापणीला उशीर करू नये.

गांडुळे नसली तर?

१९६२ साली एफ. रॉ या संशोधकाने इंग्लंडमधील सफरचंदाच्या बागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गांडुळे भरपूर असलेल्या बागेत गळलेली बहुतेक पाने हिवाळाभरात जमिनीत गेली. ज्या बागेत वर्षानुवर्षे तांबेयुक्त औषधे फवारली होती, तिथे गांडुळे जवळजवळ नव्हती आणि न कुजलेल्या पानांचा जाड थर साचला होता.

आपल्याकडे लिंबू-संत्र्याच्या डिंक्या रोगावर बोर्डो मिश्रण वापरतात. ते जरूर वापरा, पण बेताने. तांबे कुजून नाहीसे होत नाही, मातीतच साठत जाते. खोडाला लेप लावताना खाली पोते अंथरा आणि उरलेले मिश्रण आळ्यात ओतू नका.

घरीच करून पाहा

कापलेल्या धैंच्याचे दोन सारखे वाटे करा. एक कांद्याच्या जाळीदार पिशवीत भरा, दुसरा मलमलीच्या पुरचुंडीत बांधा. दोन्ही झाडाखाली ओल्या मातीत चार बोटे खोल पुरा. मलमलीतून जिवाणू आत जातात, गांडुळे जात नाहीत. महिन्याने उकरून पाहा. जाळीतला पाला बराच कमी झालेला दिसला, तर जमिनीत गांडुळे आणि इतर किडेमुंगी कामाला आहेत. दोन्ही पिशव्या सारख्याच भरलेल्या निघाल्या, तर मातीकडे लक्ष द्यायला हवे.

एवढे सांभाळा

गांडूळ त्वचेतून श्वास घेते, म्हणून त्याला ओल हवी. उन्हाळ्यात ते खोल जाऊन वेटोळे घालून पडून राहते. तेव्हा आळी खोल खणू नका, पालापाचोळा जाळू नका. गांडुळे जास्त असली तर पसरलेली हिरवळ लवकर संपते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर जमीन उघडी पडते. म्हणून हिवाळा सरता सरता वाळके गवत, पाने यांची नवी भर घाला, पण खोडापासून वीतभर दूर.

खतासाठी विकत मिळणारी लाल गांडुळे शेणात आणि कचऱ्यात रमतात, बागेची माती खणत नाहीत. ती आणून सोडण्यापेक्षा आहेत त्यांना जपणे सोपे. शंका असेल तर जबलपुरात १९६४ पासून जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आहेच, तिथे जाणकारांना विचारा. आणि पावसाळ्यात मुलांनी अंगणातले गांडूळ काडीने डिवचले, तर ते झाडाखाली नेऊन सोडायला सांगा. येत्या वर्षीच्या पेरूंत त्याचाही वाटा असेल.