लहान चाके, हलके ब्रेक : निर्णय धावपट्टीचा

अंडाकृती धावपट्टीवरील शर्यतीच्या मोटारीला लहान चाके व ब्रेक बसविण्यामागील तत्त्व साधे आहे. फिरणाऱ्या भागांचे वजन घटले की मोटार लवकर वेग घेते आणि खडबडीत पृष्ठभागावरही टायरची पकड टिकते. परंतु ब्रेकचे कार्य गतीचे उष्णतेत रूपांतर करणे हे आहे. वेग दुप्पट झाला की मोटार थांबविताना चौपट उष्णता निर्माण होते. लहान डिस्क मात्र लवकर तापते.

अमेरिकेतील नॅसकार शर्यतींत हा फरक स्पष्ट दिसतो. डेटोनाची धावपट्टी सुमारे ४ किलोमीटरची असून तिची वळणे ३१ अंशांनी कललेली आहेत. तेथे ब्रेक क्वचितच लागत असल्याने हलके ब्रेक पुरतात. मार्टिन्सव्हिलची धावपट्टी जेमतेम ८५० मीटरांची आहे. तेथे प्रत्येक फेरीत दोनदा जोराने ब्रेक लावावा लागतो. डिस्क लालबुंद होते आणि त्या उष्णतेने टायरची रिमलगतची कड निकामी होऊ शकते.

चाकाचा व्यास घटविताना आत कॅलिपरला पुरेशी जागा उरते ना, हे तपासावे. गिअरचे गुणोत्तरही नव्याने जुळवावे. थांबण्याची क्षमता गमावून साधलेला हलकेपणा अखेर चालकाच्या जिवावर बेततो.