वेवाकची धावपट्टी

दुसरे महायुद्ध म्हटले की हिटलर, पर्ल हार्बर आणि हिरोशिमा आठवतात. परीक्षेपुरते मलाही एवढेच ठाऊक होते. ग्रंथालयात वाचताना वेवाक हे नाव भेटले.

न्यू गिनी बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचे हे लहानसे ठाणे. युद्धापूर्वी तेथे ऑस्ट्रेलियाचा कारभार होता. डिसेंबर १९४२ मध्ये जपानी सैन्य उतरले आणि आसपासच्या धावपट्ट्यांवर त्यांच्या विमानांची गर्दी झाली. शत्रूची लढाऊ विमाने इतक्या दूर येणार नाहीत, असा त्यांचा समज होता. पण अमेरिकनांनी डोंगरांपलीकडे गुपचूप एक धावपट्टी तयार केली आणि १७ ऑगस्ट १९४३ रोजी अचानक हल्ला चढवला. जमिनीवर उभी असलेली कितीतरी विमाने जळून गेली. एप्रिल १९४४ मध्ये दोस्त सैन्य वेवाकला वगळून पश्चिमेला उतरले. मागे अडकलेले जपानी सैन्य उपासमारीने आणि हिवतापाने खंगले. १३ सप्टेंबर १९४५ रोजी जनरल अडाची यांनी जवळच्या केप वोम येथे शरणागती पत्करली.

हे सारे मी मोठ्या उत्साहाने वडिलांना सांगितले. आमच्या घरात कॉलेज पाहणारी मी पहिलीच. वडिलांचा जन्म रस्त्याच्या कामावर पाट्या वाहण्यात गेला. त्यांनी एवढेच विचारले, "पोरी, त्या पट्टीवर माती कुणी टाकली?"

मला उत्तर देता आले नाही. पुन्हा पुस्तके चाळली, तेव्हा कळले की त्या राबणाऱ्या हातांत आपले हातही होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले, तेव्हा हजारो हिंदी सैनिक कैद झाले. त्यांपैकी सुमारे ३००० जणांना १९४३ मध्ये वेवाककडे नेले. जहाजांवरचा माल उतरवणे, रस्ते आणि धावपट्ट्यांची कामे करणे हे त्यांच्या वाट्याला आले. भूक, रोगराई, मारहाण आणि दोस्तांचेच बॉम्ब यांतून फार थोडे वाचले. सुटकेनंतर दहा जण मायदेशी निघाले, तर नोव्हेंबर १९४५ मध्ये विमान अपघातात तेही गेले. त्यांचे साथीदार चिंत सिंग साक्ष देण्यासाठी मागे थांबले होते, म्हणून ही हकिकत जगाला कळली.

सेनापतींची नावे आपण पाठ करतो. पण वडिलांचा तो प्रश्न आता इतिहासाच्या प्रत्येक पानावर मला आठवतो.